दुखण्याला इंग्रजी नाव

माझी बायको इंदू गेली त्याला आता आठ महिने झाले. हॉस्पिटलातनं तिची फाइल मिळाली होती, ती मुलीनं कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली होती. एक दिवस मी ती काढली. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळणार, ठेवा ती. तिचं खरं आहे. मी चार बुकं शिकलेला माणूस, त्यातलंही चौथं अर्धवट. इंग्रजी म्हणजे मला मिलमधल्या ताग्यांवरचे शिक्के वाचता यायचे, तेवढंच. पण पानं उलटता उलटता एका जागी बोट थांबलं. लांबलचक शब्द, दुसरं अक्षर फुलीचं. हा शब्द मी याआधी एकदाच पाहिला होता, साठाहून जास्त वर्षांपूर्वी, आणि विसरलो नव्हतो. मी मुलीला विचारलं, हा एक्सक्रुशिएटिंग ना? ती बघतच राहिली. म्हणाली, हो, म्हणजे असह्य. मी म्हटलं, असह्य नाही. असह्य आपण उकाड्यालाही म्हणतो. हा शब्द कुठून आला ते मला ठाऊक आहे. तिला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. तिनं फाइल हातातनं घेतली आणि परत वर ठेवली. तिला सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

तेव्हा आम्ही डिलाईल रोडला एका चाळीत राहत होतो. खोली दुसऱ्या माळ्यावर, जिन्याला लागून. आई, बाबा, माझा मोठा भाऊ शांताराम आणि मी, शिवाय गावचे दोघे पाळीपाळीनं निजायला येणारे. बाबा आणि दादा एकाच मिलमध्ये साच्यावर होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. बाबा कायमचे, दादा बदली. कोणी कामावर आला नाही तर याला घ्यायचे. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालले की कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथले लोक हातांनी बोलतात. चहाला जाऊ, धागा तुटला, मुकादम येतोय, सगळ्याला खुणा. मूठ वळून छातीपासून बाहेर ढकलली की साचा बंद कर. हे दोघे घरी जेवतानाही सवयीनं हातांनीच बोलायचे, आणि आईला वाटायचं आपल्या कालवणाला नावं ठेवतायत. तोंडानं बोलायचे तेव्हा मात्र अख्खा माळा ऐकेल असं. आई म्हणायची, "हळू बोला, माका ऐकाक येता. मी काय साचो नाय." दादा मग मुद्दाम तिच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजायचा, "आये, पिठी वाढ." तिला हसू यायचं. कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, हे त्याचं पक्वान्न. बांगडा भाजायला लागला की समोरच्या खोलीतला पोरगा आपलं ताट घेऊन यायचा आणि दादा काही न बोलता शेपटीकडचा तुकडा त्याच्या ताटात टाकायचा.

त्या खुणा दादानं मला शिकवल्या होत्या. पुढं मलाही मिलमध्येच जायचं होतं ना. बाकी मला काही येत नव्हतं. चाळीत कोकणातल्या लोकांचं भजनी मंडळ होतं, तातू बुवा पेटीवर. मला टाळ वाजवायची फार हौस, पण माझा ठेका चुकायचा. बुवा म्हणायचे, "गणू, तुझे हात बाभळीचे आहेत. तू प्रसाद वाट." लोक हसायचे, मीही हसायचो. सोळा वर्षांच्या पोराला हे लागत नाही असं मोठ्यांना वाटतं.

त्या दिवसांत मोर्चे रोजचे झाले होते. मुंबईसह महाराष्ट्र मिळालाच पाहिजे, यावर आमच्या चाळीत दुमत नव्हतं. दादा प्रत्येक मोर्चाला जायचा. बाबा म्हणायचे, बदलीवाल्यानं फाटकापाशी उभं राहावं, मोर्चात उभं राहून काम मिळत नाही. दादा म्हणायचा, राज्य मराठी झालं की साहेबाचा कागद मराठीत येईल, मग मला वाचून दाखवायला कोणी लागणार नाही. असल्या साध्या गोष्टीसाठी तो जायचा. मोठं भाषण त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

एका दुपारी मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्याला दोन सोबत्यांनी मागच्या जिन्यानं आणला. पोटरीतनं गोळी आरपार गेली होती. हाड वाचलं होतं. तो शुद्धीत होता, उलट हसत होता, म्हणाला, "आये, लेंगा फाटला, बाकी काय नाय." हॉस्पिटलात पोलीस बसून जखमींची नावं लिहून घेतात आणि बरं झालं की आत टाकतात, अशी बातमी होती. खरी होती की अफवा, मला आजही माहीत नाही. बाबांनी ठरवलं, न्यायचं नाही. तळमजल्यावर जाधव हवालदार राहायचे, साताऱ्याकडचे. त्यांच्या कानावर तर मुळीच जाता कामा नये. आईनं जखम धुतली, हळद आणि चुलीतली राख भरली, फडकं बांधलं. गावाकडं विळा लागला की हेच करायचे. आम्हाला दुसरं माहीत नव्हतं.

आठ दिवस बरे गेले. जखम वरनं सुकत आली होती. दादा भिंतीला टेकून बसायचा, समोरच्या पोराला खुणा शिकवायचा, आईला कांदे चिरून द्यायचा. मग एका सकाळी त्याला पेज खाता येईना. म्हणाला, जबडा आखडलाय. आईला वाटलं नखरे करतोय, रोज पेजच देते म्हणून. तिनं शेजारणीकडनं अंडं आणलं. संध्याकाळपर्यंत दात घट्ट बसले. दुसऱ्या दिवशी पहिला झटका आला. पाठ अशी वर उचलली गेली की फक्त टाचा आणि डोकं जमिनीला होतं. पाठीखालनं हात घातला असता तर पलीकडं निघाला असता. दातांच्या फटीतनं जो आवाज आला तो माणसाचा वाटला नाही. सगळ्या माळ्याची दारं उघडली.

तेव्हाही न्यायला हवं होतं. बाबांनी तातू बुवांना बोलावलं. दोघांनी कोपऱ्यात उभं राहून ठरवलं: सप्ताह बसवायचा. सात दिवस, सात रात्री अखंड भजन. आमच्याकडं नवसाला बसवतात, कोणाला संशय यायचं कारण नाही, आणि टाळ-पखवाजाच्या आवाजात पोराचं ओरडणं खाली ऐकू जाणार नाही. लगेच आमच्या दारात तसबीर मांडली, समई लावली, मंडळींनी मिलसारख्या पाळ्या लावून घेतल्या. पहिली पाळी सुटून आलेले दुसऱ्या पाळीवाल्यांच्या हातचे टाळ घ्यायचे. माणसं कमी पडायला लागली तेव्हा बुवांनी माझ्याकडं बघितलं आणि एक जोड माझ्या हातात दिला. म्हणाले, "ठेका राहू दे. आवाज काढ."

हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मला ते आवडलं. आत भाऊ तडफडत होता आणि बाहेर बसून मी टाळ वाजवत होतो, आणि मला आवडत होतं. कोणी हसत नव्हतं. घामानं सदरा अंगाला चिकटला, बोटं सोलली, तरी मी जोड दुसऱ्याला द्यायचो नाही. आतून आवाज यायला लागला की बाबा दारातनं मान हलवायचे, मग आम्ही वाढवायचो. आम्ही वाढवलं की आतला आवाजही वाढायचा. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या आलं होतं. मला वाटलं, दुखणं वाढतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं मला पाणी घेऊन आत बोलावलं. दादा चटईवर पडला होता, चेहरा ताणून हसल्यासारखा झालेला, डोळे मात्र त्याचेच. पाणी ओठांवरनं गळून गेलं. त्यानं मला पाहिलं. उजवा हात कसाबसा उचलला, मूठ वळली आणि छातीपासून बाहेर ढकलली. एकदा, मग परत एकदा. साचा बंद कर. मला कळलं. मी बाहेर येऊन बाबांना सांगितलं, दादा म्हणतो बंद करा. बाबांनी बुवांकडं पाहिलं. बुवा पेटीवरचा हात न काढता म्हणाले, सप्ताह देवासमोर बसवलाय, तो मधे मोडला तर पोराच्याच जिवावर येईल. कालपर्यंत जे ढोंग होतं ते एका रात्रीत खरं झालं होतं. बाबा मला म्हणाले, "वाजव तू. हात थांबवू नको." मी बसलो आणि वाजवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर बूट वाजले. जाधव हवालदार वर आले. डोक्यावर टोपी नव्हती, कमरेला पट्टा नव्हता, नुसता खाकी शर्ट. टाळ आपोआप ढिले पडले, पण बुवांची पेटी चालूच होती. हवालदारांनी वाकून पेटीचा भाता दाबून धरला.

"बंद करा ह्ये. पोरगं मरतंय तुमचं."

बाबा म्हणाले, कोण पोरगं, आमच्याकडं सप्ताह आहे.

"मला पैल्या दिसापास्नं ठावं हाय. जिन्यावरचं रगात कुनी पुसलं? माझ्या बायकूनं पुसलं. मी म्हनलं, आज नेतील, उद्या नेतील."

हवालदार आत गेले, दादाला चटईसकट उचलायला त्यांनीच पुढचं टोक धरलं. टॅक्सीत तेच पुढं बसले. वाटेत कोणी अडवलं नाही. हॉस्पिटलातही कोणी पोलीस बसलेला मला दिसला नाही. कदाचित त्या दिवशी नसेल.

डॉक्टरांनी विचारलं काय झालं, तर बाबांनी सांगितलं, पायात लोखंड गेलं. डॉक्टरांनी पोटरीची दोन्ही भोकं पाहिली, बाबांकडं पाहिलं आणि सांगितलं तेच लिहिलं. दादाला एका टोकाच्या खोलीत ठेवलं, खिडक्यांना काळे पडदे, कानात कापूस. तिथं एक सिस्टर होत्या, नगरकडच्या मराठी ख्रिस्ती, रत्नाबाई. त्या अनवाणी चालायच्या. मी दार जरा जोरात लावलं तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि बाहेर आणून हळू आवाजात समजावलं. धनुर्वात आहे. या दुखण्यात आवाज चालत नाही, उजेड चालत नाही. भांडं पडलं, कोणी टाळी वाजवली, तरी अख्खं अंग ताणतं. मग त्यांनी बाबांना विचारलं, घरी गडबड, गोंगाट नव्हता ना काही? बाबा म्हणाले, नाही. मी माझ्या सोललेल्या बोटांकडं पाहिलं आणि हात पाठीमागं नेले.

दादाच्या खाटेच्या पायथ्याशी कागद लटकवला होता. त्यात डॉक्टरांनी एका शब्दाखाली रेघ ओढलेली. मला वाटलं औषधाचं नाव, बाहेरनं आणायचं असेल. बिडीच्या बंडलाच्या कागदावर मी तो शब्द बघून बघून उतरवला आणि रत्नाबाईंकडं नेला. त्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या, खाली फरशीवर आई. बाईंनी शब्द हळूच वाचून दाखवला, एक्सक्रुशिएटिंग. म्हणाल्या, हे औषध नाही रे, त्याला किती दुखतंय ते लिहिलंय. मी म्हटलं, मग केवढा लांब शब्द. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या, त्यांना पाद्र्यांनी सांगितलेलं. फार पूर्वी रोमच्या राज्यात माणसाला जिवंत लाकडाच्या क्रूसावर खिळून मारायचे. आमच्या प्रभूलाही तसंच मारलं. ते दुखणं इतकं की त्याला त्या लोकांच्या भाषेत शब्द पुरेना. मग त्यांनी त्या लाकडाच्या नावावरूनच शब्द केला. क्रूसावरचं दुखणं. इंग्रजांनी तो पुढं उचलला. आता डॉक्टर लिहितात, त्यांना लाकूड आठवतही नसेल.

माझ्या मनात तेव्हा आलं ते आजही येतं. भाऊ मराठी राज्यासाठी गेला होता, साहेबाचा कागद मराठीत यावा म्हणून. आणि त्याच्या शेवटच्या कागदावर त्याचं दुखणं लिहायला सात समुद्रापलीकडच्या कुठल्या लाकडाचं नाव. आमच्यात शब्द नव्हते असं नाही. आई तीन दिवस म्हणत होती, पोराक सोसवना नाय. ते कोणी लिहून घेतलं नाही.

आई सगळं ऐकत होती. मला वाटलं तिला काही कळलं नसेल. तिनं मान वर न करता विचारलं, "बाई, तुमचो देव किती येळ होतो त्या लाकडार?"

रत्नाबाई म्हणाल्या, सकाळी खिळलं आणि तिसऱ्या प्रहरी प्राण गेला.

"माझो झील तीन दीस होतो."

बाईंनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. आईनं तो झटकला नाही, पण घेतलाही नाही.

"तेका कोणी खिळल्यानी?"

"शिपायांनी."

आईनं मान हलवली, जशी हिशेब पटल्यावर हलवतात. म्हणाली, "हय शिपाय नाय होते. आमीच होताव." मग पदर तोंडात कोंबला. तिला सांगितलं होतं ना, आवाज करायचा नाही.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. त्या अंधाऱ्या खोलीत सगळं गप्प होतं. मला आत सोडलं होतं. शेवटी अंग सैल पडलं तेव्हा मला वाटलं झोपला.

आणखी एक सांगून टाकतो. इंदूचं दुखणं सात महिने चाललं. घरी आणल्यावर मी पहिल्या दिवशी रेडिओ बंद केला. शेजारच्यांना सांगून त्यांचा टीव्ही हळू करवला. नातवंडांना दारातनं परत पाठवायचो. दाराच्या कडीला फडकं गुंडाळलं, स्वयंपाकघरात फरशीवर गोणपाट अंथरलं. कोणी मोठ्यानं बोललं की मी अंगावर धावून जायचो. तिच्यासमोर मी स्वतःही बोलायचो नाही, हात धरून बसायचो. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं. ती गेल्यावर बाराव्याला मुलगी म्हणाली, आई मला म्हणायची, तुझ्या बाबांना सांग, काहीतरी वाजू दे, कोणीतरी बोलू दे, या घरात मला माझंच दुखणं ऐकू येतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुमचा चेहरा बघून कोणाची हिंमत व्हायची? एकाला आवाजानं मारलं आणि दुसरीला गप्प बसून. दोन्ही वेळा माझ्या मनात बरं करायचंच होतं. मनात काय होतं याला मेलेल्या माणसाच्या लेखी काही किंमत नाही, हे मला आता कळतं. कळून उपयोग नाही.

राज्य झालं तेव्हा चाळीला रोषणाई केली होती. गॅलरीभर कागदी पताका, पेढे, पखवाज. तातू बुवा दोन वेळा आमच्या दारावरनं गेले, आत आले नाहीत. त्या संध्याकाळी विभागातला एक कार्यकर्ता वही घेऊन खोलीखोलीतनं फिरत होता. चळवळीत ज्या घरचं माणूस गेलं त्यांची नावं सभेत वाचायची होती, घरच्यांना हार घालायचा होता. चांगला माणूस होता, कोवळ्या वयाचा, फार अदबीनं बोलायचा. कोणीतरी त्याला सांगितलं असावं, कारण तो थेट आमच्याच दारात आला आणि वही उघडून थांबला. म्हणाला, काका, तुमचा मोठा मुलगा ना, शांताराम? कसा गेला?

बाबा जमिनीवर बसून होते. आई चुलीपाशी पाठमोरी. तिचा हात थांबला. खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून सांगावं लागलं असतं: राख, सप्ताह, पाळ्या, टाळ, सगळं. गोळी एवढंच सांगून थांबता आलं असतं, पण बाबांना ते जमलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मान देतो.

बाबा म्हणाले, "आमचो झील आजारान गेलो."

कार्यकर्त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभा होतो, तोंड उघडायला मला कोणाची आडकाठी नव्हती. मी बाजूला सरकून त्याला जायला वाट दिली. त्यानं पेनाला टोपण लावलं, नमस्कार केला आणि पुढच्या खोलीत गेला. तिथं त्याला पेढा दिला.